कोलायटिसमध्ये प्रोबायोटिक: गोळी न सोडता कसं वापरायचं

इचलकरंजीत माझं मेडिकलचं दुकान आहे आणि बारा वर्षांपासून मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा. दर आठवड्याला कुणीतरी काउंटरपाशी येतं, मागे कोणी उभं नाही ना ते बघतं आणि हळूच म्हणतं, "दादा, पोटात चांगले जंतू वाढवायची ती पावडर द्या. गोळ्या बंद करायच्यात." त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की करा: मेसालामाइन, म्हणजे आतड्याची सूज आवरणारी रोजची गोळी, आपल्या मनाने बंद करायचं नाही. तिसऱ्या वर्षी मी ते केलं होतं. पोट शांत होतं, चांगल्या जंतूंच्या, म्हणजे प्रोबायोटिकच्या कॅप्सूल हाताशी होत्या, म्हटलं आता याच घेऊ. सातव्या आठवड्यात पहाटे साडेचारला कळ आली आणि संडासचं भांडं लाल झालं. पुढे तीन महिने स्टेरॉइड घ्यावे लागले.

जिवाणूंचं महत्त्व मात्र खरं आहे. आपल्याला न पचलेला चोथा मोठ्या आतड्यातले काही जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं ते मुख्य अन्न. अशा जिवाणूंपैकी एक फीकॅलिबॅक्टेरियम. ज्यांच्या आतड्यात तो कमी, त्यांचा क्रोनचा आजार (कोलायटिससारखाच आतड्याला सूज आणणारा दुसरा आजार) ऑपरेशननंतर पुन्हा उलटण्याची शक्यता जास्त, हे २००८ साली फ्रान्समधल्या संशोधनातून पुढे आलं. पण हवा लागली की हा जिवाणू मरतो. म्हणून तो ना दह्यात सापडतो, ना माझ्या कपाटातल्या डबीत. त्याला पोटातच पोसावं लागतं.

पोसायचं ते आजार शांत असताना. ज्वारीची भाकरी, साल काढून मऊ शिजवलेला दुधी, उकडून गार केलेला बटाटा. एक पदार्थ सुरू केला की चार-पाच दिवस दुसरा नवीन नको, नाहीतर कशाने बिघडलं ते कळत नाही. रक्त पडत असेल तेव्हा भाकरीचा हट्ट सोडा. तांदळाची पेज, मऊ भात, सोसत असेल तर पातळ ताक. क्रोनमुळे आतडं अरुंद झालं असेल तर चोथ्याचं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका, अडकू शकतं. घरचं दही जेवण म्हणून जरूर खा, पण त्याला औषध समजू नका.

आता पावडर आणि कॅप्सूल. पाकिटावर नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलेलं पुरत नाही, जिवाणूचा नेमका वाण बघायचा. कोलायटिस शांत ठेवण्यासाठी ज्याचा चांगला अभ्यास झालाय तो ई. कोलाय निसल १९१७. पहिल्या महायुद्धात छावणीत जुलाबाची साथ आली, एका सैनिकाला मात्र काही झालं नाही. जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निसल यांनी त्याच्याच शौचातून हा जिवाणू वेगळा केला. दुसरं म्हणजे आठ वाणांचं एक मिश्रण. २००९ साली त्याचा भारतातल्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात फायदा दिसला. पण मात्रा होती दिवसाला ३.६ लाख कोटी जिवाणू. ५०० कोटींची साधी कॅप्सूल धरली तर त्या ७२० होतात. गिऱ्हाइकाला मी हा हिशेब पाकिटाच्या मागे पेनाने करून दाखवतो. क्रोनमध्ये तर कुठल्याच प्रोबायोटिकचा ठाम फायदा दिसलेला नाही, तिथे पैसे घालू नका.

डॉक्टरांनी होकार दिला तर सुरू करण्याआधी शौचाची फीकल कॅलप्रोटेक्टिन तपासणी (आतड्यात सूज किती ते दाखवणारी) करून घ्या, आणि आठ आठवड्यांनी पुन्हा. साधारण ५०च्या आत असेल तर ठीक, २५०च्या वर गेलं तर सूज आहे असं धरतात. तपासणीच्या आधी डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. आकडा फुगतो आणि आतड्यालाही त्या बऱ्या नाहीत. रोजची नोंद मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवतो: तारखेच्या चौकोनात किती वेळा जावं लागलं तो आकडा, रक्त दिसलं तर लाल ठिपका, रात्री उठावं लागलं तर खाली रेघ. डॉक्टरांसमोर दोन महिन्यांची पानं धरली की बोलायचा संकोच आपोआप कमी होतो. आठ आठवड्यांत ठिपके आणि आकडा हलले नाहीत, तर प्रोबायोटिक थांबवा.

प्रतिकारशक्ती फार दबलेली असेल किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेली असेल, तर प्रोबायोटिकही धोक्याचं ठरतं. क्वचित ते जंतू रक्तात उतरतात.

निरोगी माणसाचं शौच रुग्णाच्या आतड्यात सोडायच्या उपचाराबद्दलही विचारतात. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजमध्ये कोलायटिसवर त्याचे अभ्यास झालेत. पण व्हिडिओ बघून घरी करू नका, कळवळून सांगतो. अमेरिकेत नीट न तपासलेल्या शौचातून औषधांना न जुमानणारे जंतू गेले आणि रुग्ण दगावला. २०१९ साली तिथल्या औषध प्रशासनाला इशारा काढावा लागला.

दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच, त्यात ताप किंवा नाडी ९०च्या वर, असं झालं तर दह्या-पावडरीचा विचारही नको. दुकानात येऊन जुलाब थांबवायची गोळी मागू नका. रिक्षा करा, जुनी फाइल आणि कॅलेंडर घ्या, सरळ दवाखाना गाठा, आणि तिथे क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल या जुलाब लावणाऱ्या जंतूची तपासणी करणार का, तेवढं विचारा.