जुन्या भागांतून संगणक जुळवण्यापूर्वी

माळ्यावर पडून राहिलेल्या भागांतून संगणक जुळवण्याचा विचार असेल, तर प्रोसेसरच्या वेगाआधी मदरबोर्ड उजेडात धरून पाहावा. कारण मालवण किंवा हर्णैसारख्या किनाऱ्यालगतच्या गावात खाऱ्या, दमट हवेत काही पावसाळे काढलेल्या बोर्डावर हिरवट गंज चढतो, आणि तो प्रोसेसरच्या सॉकेटपर्यंत पोहोचला असेल, तर त्या बोर्डाचा नाद सोडलेला बरा. रॅमची काळवंडलेली टोके खोडरबराने हलके पुसता येतात आणि बोर्डावरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल स्वस्तात बदलता येतो. फुगलेल्या कपॅसिटरचा (वीज साठवणाऱ्या नळकांडीसारख्या भागाचा) पॉवर सप्लाय मात्र कधीही वापरू नये, कारण तो बिघडताना इतर भागांनाही सोबत नेऊ शकतो, आणि पावसाळ्यातील विजेचा लपंडाव त्यास निमित्त पुरवतोच.

डीडीआर ३ या जुन्या पिढीच्या रॅमच्या बोर्डावर नंतरच्या पिढीची डीडीआर ४ रॅम बसत नाही, त्यामुळे अशा बोर्डासाठी नवी रॅम विकत घेणे म्हणजे पैसे अडकवणे होय. सॉलिड स्टेट ड्राइव्हवरील खर्च मला योग्य वाटतो. साटा जोडणीचा ड्राइव्ह पुढच्या संगणकातही बहुधा चालतो. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असून विंडोज ११ ला इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते. त्याहून जुन्या प्रोसेसरवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकून हिशेब, पत्रलेखन आणि ऑनलाइन अर्ज एवढी कामे भागणार असतील, तरच जुळवणीस हात घालावा; बोर्ड आणि पॉवर सप्लाय दोन्ही विकत घ्यावे लागत असतील, तर घालू नये.