कॅरेक्टरमध्ये खोड असू दे, पण भुर्दंड त्यानेच भरायचा

आधी कबुली देतो. डी अँड डीसारख्या रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापलं कॅरेक्टर वठवायच्या खेळात, माझा पहिला रोग (rogue, म्हणजे चोर) पार्टीतल्याच, म्हणजे स्वतःच्याच टोळीतल्या, लोकांच्या थैल्या मारायचा, मला वाटायचं काय भारी रोलप्ले चाललाय आपला, आणि चौथ्या सेशनला (बैठकीला) क्लेरिकने, म्हणजे जखमा बऱ्या करणाऱ्या पुजारणीने, मला हील करायचं बंद केलं. मी वर तोंड करून म्हणालो, अरे पण माझं कॅरेक्टर असंच आहे ना! टेबलावर हे वाक्य आलं की समजायचं खेळ बिघडलाय. कॅरेक्टर तुम्हीच बनवलंय, त्याने काय करायचं तेही तुम्हीच ठरवताय, मग बिचाऱ्याच्या नावावर कशाला फाडता.

तर खोड निवडायची कशी. "रागीट", "लोभी", "भित्रा" असं एका शब्दात लिहून ठेवलं तर त्याचा खेळताना काडीचा उपयोग होत नाही. डी अँड डीच्या पाचव्या एडिशनमध्ये, म्हणजे 2014 च्या पुस्तकात, प्रत्येक बॅकग्राउंडला (कॅरेक्टरच्या पूर्वायुष्याला) फ्लॉजचा, म्हणजे खोडींचा, एक छोटा तक्ता असायचा, डी6 (सहा बाजूंचा फासा) टाकायचा आणि जे येईल ते घ्यायचं. 2024 च्या पुस्तकातून ते तक्ते गेले. मला त्याचं फार वाईट वाटत नाही, कारण तक्त्यातून आलेली खोड बरेच जण शीटवर लिहायचे आणि विसरून जायचे. स्वतः लिहा, पण पूर्ण वाक्य लिहा: कधी होतं, तेव्हा तो काय करतो, आणि त्याला ते कसं महागात पडतं. म्हणजे नुसतं "भित्रा" नाही, तर "अंधारात पहिला पाय कधीच टाकत नाही, आणि हे कुणाला कळू नये म्हणून दरवेळी नवीन बहाणा काढतो, त्यामुळे त्याच्या खऱ्या इशाऱ्यावरही आता कुणी विश्वास ठेवत नाही". आता बघा, गुहा दिसली की तुम्हाला करायला काम आहे. भीतीपेक्षा ती लपवायची धडपड खेळायला जास्त मजा येते, हे माझं मत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नुकसान कुणाचं होतंय. गर्विष्ठ पॅलाडिन (धर्मयोद्धा) घ्या. चूक कबूल करणं त्याच्या रक्तातच नाही. तो चुकीच्या माणसाला गुन्हेगार ठरवतो, भर चौकात, आणि संध्याकाळी कळतं की हा तो नव्हेच. आता खेळाडू म्हणून तुमच्याकडे दोन रस्ते आहेत. एक, पार्टीला खोटं बोलायला लावायचं, म्हणजे तुमची चूक पाच जणांच्या गळ्यात. दुसरा, पॅलाडिन एकटा त्या माणसाच्या दारात जातो, माफी मागायला तोंड उघडतो, ती काही निघत नाही, आणि शेवटी तो आपली चांगली ढाल तिथे ठेवून निघून येतो, पुढच्या लढाईत एसी (बचावाचा आकडा) दोनने कमी. दुसरा रस्ता घ्या. ढाल तुमची गेली, सीन मात्र सगळ्यांना मिळाला.

अजून एक युक्ती आहे, तुमच्या खोडीचा ब्रेक दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. दारुडा विझर्ड (जादूगार) असेल तर आधीच ठरवून टाका की बार्डने (पार्टीतल्या गवयाने) काही न बोलता बाटली उचलली तर हा ती परत मागत नाही, आणि हे त्या बार्डच्या खेळाडूला सांगूनही ठेवा, सरप्राइज वगैरे काही नको. मग तुमची खोड त्याच्यासाठी डोकेदुखी राहत नाही, त्यालाही त्यात एक रोल मिळतो. आणि मोठा घोळ घालायच्या आधी कॅरेक्टरमधून बाहेर येऊन सरळ विचारा, "मी आता सरदाराला शिवी घालतोय, चालेल का सगळ्यांना?" याने मजा जात नाही. उलट लोक स्वतःहून आगीत तेल ओततात.

किती वेळा? माझा हिशोब सेशनला एकदा, फार तर दोनदा. दर सीनला तेच केलं तर ते कॅरेक्टर राहत नाही, विनोदी पात्र होतं. आणि कुणी मरायला टेकलं असताना तर अजिबात नाही.

तुमची सिस्टिम, म्हणजे ज्या खेळाचे नियम वापरताय तो, काय मदत करते तेही बघून घ्या. फेट नावाच्या खेळात कंपेल असतो, खोडीने अडचणीत पडायला तयार झालात तर फेट पॉइंट मिळतो, नको म्हणालात तर खिशातला एक जातो. मला हे फार आवडतं, कारण पडायचं की नाही ते तुम्हीच ठरवता. पेंड्रॅगन (1985) या सरदारांच्या खेळात गुण-अवगुणांच्या 13 जोड्या आहेत, प्रत्येक जोडीची बेरीज 20, एक बाजू वाढली की दुसरी घटते, आणि कधी कधी डी20, म्हणजे वीस बाजूंचा फासाच, ठरवतो की तुमचा सरदार आज शूर आहे की भित्रा. गर्प्स या खेळात डिसअ‍ॅडव्हांटेज (म्हणजे खोडी, उणिवा) घेतले की कॅरेक्टर बनवायला जादा पॉइंट मिळतात, तिथे जरा जपून, पॉइंटसाठी घेतलेली खोड तिसऱ्या सेशनपर्यंत गायब होते. डी अँड डीमध्ये डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) इन्स्पिरेशन, म्हणजे फासा टाकताना कामी येणारं बक्षीस, देऊ शकतो, पण बरेच डीएम द्यायचं विसरतात, आठवण करा.

एक गोष्ट मात्र विसरू नका, असल्या माणसाला पार्टीने सोबत का ठेवलंय? याचं उत्तर सेशन झिरोलाच, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीतच, हवं. कुलपं उघडण्यात त्याचा हात कुणी धरत नाही, किंवा त्याने एकदा कुणाचा जीव वाचवलाय, काहीही चालेल, पण काहीतरी पाहिजेच. क्रौर्य, छळ, व्यसन असले विषय असतील तर तेव्हाच बोलून घ्या, काय अजिबात नको आणि काय पडद्याआड उरकायचं. एक्स-कार्ड, म्हणजे सीन नको वाटला की हात लावायचं X लिहिलेलं कार्ड, टेबलावर असू द्या. कुणी हात लावला तर कारण विचारायचं नाही, सीन तिथेच बदलायचा.

आणि सुधारायची घाई करू नका. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण कॅम्पेनमध्ये (बऱ्याच सेशनभर चालणाऱ्या गोष्टीत) ती थोडी झिजते, मध्येच उलटते, परत झिजते. माझा दुसरा रोगही चोरच होता, फक्त पार्टीतल्यांची वस्तू उचलली की त्याला झोप यायची नाही आणि तो सकाळी ती भलत्याच बॅगेत परत ठेवायचा. एकदा शत्रूच्या किल्ल्याचा नकाशा असा चुकीच्या बॅगेत गेला. त्यावर आमची दोन अख्खी सेशनं गेली, आणि क्लेरिक हसत हसत हील करत होती.