घोड्याला झापडं लावताय? या चुका टाळा

आमच्या यवतमाळकडे हल्ली कुणी घोडं घेतलं, की आठ दिवसांत त्याच्या डोळ्यांवर झापडं दिसतात. मोबाईलवर मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सची रेस पाहिली, रंगीत ब्लिंकर्सची, म्हणजे झापडांची, टोपी मागवली, झालं. झापडं लावली की घोडं आपोआप पळतं, असा पोट्ट्यांचा समज.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला जवळपास ३५० अंशांतलं दिसतं. कपाळापुढचा आणि शेपटीमागचा तुकडा तेवढा सुटतो. रेसमध्ये शेजारच्या घोड्याकडे बघत रेंगाळणाऱ्याला झापडं लावली, तर लक्ष पुढे राहतं. जे आधीच तापट आहे, लगाम हातातून ओढून पळतं, ते त्यानं आणखी भडकू शकतं. आधी आपलं घोडं का रेंगाळतं ते पाहा. खूर दुखत असेल तर झापडं काय करणार?

आता सगळ्यात वाईट चूक. टांग्याला जुंपलेल्या घोड्याचा झापडांचा लगाम, म्हणजे झापडं लावलेला तोंडावरचा साज, टांगा सोडण्याआधी काढायचा नसतो. शेजारच्या गावात एकानं हेच केलं. बाजारातून आला, घोडी घामानं निथळत होती, म्हणाला आधी पाणी पाजतो. बादली पुढे ठेवली, लगाम उतरवला. टांगा मागे तसाच. घोडीनं मान वळवली आणि इतके दिवस नुसतं खडखडणारं ते चाक तिला एकदम दिसलं. पाठीला चिकटलेलं! घोडी पऱ्हाटीत घुसली, टांग्याची एक दांडी मोडली, अन् आवरायला धावलेल्या पोट्ट्याचा हात चाकाखाली गेला. दोन मिनिटांची घाई. सोडताना आधी टांग्याला जोडणारे पट्टे, मग टांगा मागे ओढायचा, लगाम शेवटी. जुंपताना उलट. माझी बादली लगामासकट तोंडापाशी जाते, लोक हसले तरी.

दुसरी खोड म्हणजे पहिल्याच दिवशी झापडं लावून रस्त्यावर. मागून ट्रॅक्टरचा आवाज येतो, ट्रॅक्टर दिसत नाही, घोडं बुजणारच. मी आधी तबेल्यात चारा खाताना लावतो, मग हातात धरून अंगणात फिरवतो, सोबत बोलत राहतो. किती दिवस, ते घोडं ठरवतं. ज्यांना उद्याच पळवायचं असतं, त्यांनी मोटारसायकल घ्यावी.

झापडाची वाटी, म्हणजे डोळ्याशेजारचा आडोसा, पापणीला घासू देऊ नका. पूर्ण वाटीच हवी असं नाही. बहुतेकांना अर्धी पुरते. नाकावरचा लोकरीचा गोल पट्टा, शॅडो रोल, शोभेसाठी नसतो; जमिनीवरच्या सावल्यांना दचकणाऱ्यासाठी असतो. कान झाकणारी टोपी आवाज कमी ऐकू यावा म्हणून, ती वेगळी. आणि मे महिन्यात घामट झापडं न धुता दुसऱ्या दिवशी परत चढवू नका, डोळे चिघळतात.