साओ टोमेतील मध्यममार्गी पक्षाचा अभ्यास कसा करावा

गिनीच्या आखातातील साओ टोमे आणि प्रिन्सिप हा बेटांचा देश चिमुकला असला, तरी मध्य आफ्रिकेत मतपेटीतून खरोखर सत्तांतर घडणाऱ्या मोजक्या देशांपैकी तो एक आहे. तेथील मध्यममार्गी राजकारण समजून घ्यायचे असेल, तर लोकशाही अभिसरण पक्ष, म्हणजेच पीसीडी, अभ्यासाला घ्यावा. मात्र त्याचा जाहीरनामा आधी उघडू नये.

सुरुवात जन्मकथेपासून करावी. १९७५ मध्ये पोर्तुगालपासून स्वातंत्र्य मिळाल्यावर एमएलएसटीपी या एकाच पक्षाची राजवट होती. तिच्यावर नाराज असलेल्यांच्या ‘चिंतन गटा’तून पीसीडी उभा राहिला आणि १९९० च्या सार्वमताने बहुपक्षीय संविधान मंजूर झाल्यावर, जानेवारी १९९१ मध्ये, त्याने ५५ पैकी ३३ जागा जिंकल्या.

पुढे वहीत एक साधा तक्ता आखावा आणि त्याच्या डोक्यावर बहुमताचा आकडा, २८, लिहून ठेवावा. १९९४ मध्ये १४ जागा, १९९८ मध्ये ८, २०१० मध्ये ७, २०१४ मध्ये ५. २००२ आणि २००६ च्या जागा एमडीएफएम या दुसऱ्या पक्षाबरोबरच्या युतीच्या असल्याने त्या वेगळ्या रकान्यात मांडाव्यात. ही उतरंड पाहून पक्ष संपला असे म्हणण्याचा मोह होतो, पण २०१८ ची बेरीज स्वतः करून पाहावी. एडीआय २५ जागा मिळवून सर्वांत मोठा पक्ष ठरला. एमएलएसटीपीला २३ आणि पीसीडीचा समावेश असलेल्या युतीला ५ जागा मिळाल्या. तेवीस आणि पाच अठ्ठावीस! ज्या पक्षाला हटवून पीसीडी सत्तेवर आला होता, त्याच एमएलएसटीपीचे जॉर्ज बॉम जेझुस पीसीडीच्या टेकूवर पंतप्रधान झाले. माझ्या मते मध्यममार्गाचा तेथील खरा अर्थ धोरणांत नाही, या टेकूत आहे.

तक्त्याशेजारी राष्ट्राध्यक्षांची नावेही लिहावीत, कारण पंतप्रधानाला दूर करण्याचा अधिकार त्यांच्या हाती असतो. ३३ जागांचे पाठबळ असूनही पीसीडीचे पंतप्रधान दानिएल दायो यांना राष्ट्राध्यक्ष मिगेल त्रोव्होआदा यांनी १९९२ मध्ये बडतर्फ केले आणि १९९४ मध्ये नॉर्बेर्तो कोस्ता आलेग्रे यांचीही तीच गत झाली.

शेवटी ‘बान्यु’ हा शब्द टिपून ठेवावा. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ अंघोळ. साओ टोमेत मात्र निवडणुकीच्या तोंडावर मतदारांना वाटल्या जाणाऱ्या पैशांना आणि वस्तूंना तो वापरतात. जाहीरनामा उघडायचा तो यानंतर.