बर्फाच्या मुलखात पहिलं घर घेतलंय? छपराच्या आधी माळा बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, आपल्या पट्ट्यातनं इकडं अमेरिकेत मिनेसोटात आलेले आणि अपार्टमेंट सोडून पहिलं घर घेतलेले, किंवा घ्यायचं म्हणून बघत फिरणारे, अशा सगळ्यांसाठी लिहितेय. दिवाळीच्या आधी वाचा, संक्रांतीला वाचून उपयोग कमी. दर हिवाळ्यात जानेवारी-फेब्रुवारीत नवीन आलेल्यांपैकी कुणाचा तरी फोन येतोच, की बाहेर उणे १२ आहे, पाऊस नाही पाणी नाही, आणि हॉलमध्ये खिडकीच्या वरनं पाणी ठिपकतंय, छताला पिवळा डाग पडलाय, हे पाणी आलं कुठनं?

ह्याला इकडं आईस डॅम म्हणतात, छपराच्या कडेला तयार होणारा बर्फाचा बांध. आपल्या कणकुंबी-जांबोटीकडच्या घरावर कितीही पाऊस कोसळू दे, पाणी आढ्यावरनं खाली येतंय, वळचणीला पागोळ्या होऊन पडतंय, मोकळं होतंय. इकडं ती वळचणच गोठते. घरातली हीटरची ऊब वर माळ्यात, म्हणजे ॲटिकमध्ये शिरते, त्या उबेनं छपराची फळी आतनं तापते आणि वर साचलेला बर्फ तळाकडनं वितळायला लागतो. ते पाणी बर्फाखालनं सरकत खाली येतं, पण छपराची जी कड भिंतीच्या बाहेर आलेली असते तिच्याखाली घर नसतं, ती बाहेरच्या हवेइतकीच गार, तिथं पोचलं की पाणी परत गोठतं. रोज थोडं थोडं करत बांध उंच होतो, मागं पाणी तुंबतं, आणि तुंबलेलं पाणी शिंगलच्या, म्हणजे छपरावर कौलांसारख्या एकावर एक बसवलेल्या पातळ पट्ट्यांच्या, खालनं वरच्या बाजूला चढून आत येतं. शिंगल केलेली असते वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी, साचलेल्या पाण्यापुढं तिचं काही चालत नाही. म्हणून मागच्याच वर्षी घातलेलं नवंकोरं छप्पर असलं तरी गळतंय.

आपल्याला लहानपणापासनं माहीत काय, तर घर गळायला लागलं की वर माणूस चढवा, फुटकं कौल बदला, डांबर ओता, प्लास्टिक घाला. पावसाच्या मुलखात ते बरोबरच आहे. इकडं मात्र छपरावर पैसे घालायच्या आधी माळ्यात पैसे घाला. माझं तर स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी नवीन किचन, बेसमेंटचं काम सगळं बाजूला ठेवून ॲटिक आधी करून घ्यावं, पाहुण्यांना दिसत नाही म्हणून ते काम मागं पडतं आणि मग दिसायला लागतं ते डाग पडूनच.

माळ्यातल्या कामाचा क्रम चुकवू नका. आधी भोकं बुजवायची, मग इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा कापसासारखा थर. पुष्कळ जण उलटं करतात, दुकानातनं इन्सुलेशनची बंडलं आणून जुन्यावर पसरतात आणि वाटतं झालं काम, पण गरम हवा इन्सुलेशनमधनं आरपार निघून जाते, ती अडते फक्त फोम नाहीतर सीलंटनं फट बंद केली तरच. फटी कुठं असतात, तर छतात खोल बसवलेल्या गोल दिव्यांभोवती, म्हणजे पॉट लाईटभोवती, बाथरूमचे पाईप जिथनं वर जातात तिथं, वायरींची भोकं, आतल्या भिंतींचा माथा, चिमणीभोवतीची पोकळी, आणि सगळ्यात मोठी म्हणजे ॲटिकमध्ये चढायचं झाकण, ज्याच्यावर बऱ्याच घरात नुसती एक पातळ फळी ठेवलेली असते. त्या झाकणाला कडेनं रबरी पट्टी लावा आणि वर जाड फोमबोर्ड चिकटवा, हे तर रविवारी दुपारी आपल्या आपण होतंय. जुनं इन्सुलेशन उचलून बघितलं आणि कुठं काळपट दिसलं तर समजा तिथनं हवा वर जातेय, हवेतली धूळ त्यात गाळून राहिलेली असते.

काही ठिकाणी मात्र स्वतः हात घालू नका. चिमणीभोवती साधा फोम मारायचा नाही, तो पेटतो, तिथं पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंटच लागतंय. जुन्या पद्धतीचे पॉट लाईट असतील तर त्यांच्यावर इन्सुलेशन टाकायचं नाही, तापून आग लागू शकते, आधी दिवे बदलून घ्या. आणि घर जुनं असेल, माळ्यात चकाकणाऱ्या खड्यांसारखं करड्या-तपकिरी रंगाचं काही पसरलेलं दिसलं तर ते व्हर्मिक्युलाइट नावाचं जुनं खनिज इन्सुलेशन असू शकतं, त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक बारीक तंतू, निघू शकतं, कारण अमेरिकेतलं पुष्कळसं व्हर्मिक्युलाइट मोंटानातल्या लिबीच्या खाणीतनं यायचं आणि तिथल्या मालातच ॲस्बेस्टॉस होतं. त्याला हलवायचं नाही, झाडायचं नाही, तपासून घ्यायचं.

इन्सुलेशन किती, तर इतक्या थंड भागात छताला आर ४९ ते आर ६० सांगतात (आर म्हणजे उष्णता अडवायच्या ताकदीचं माप, आकडा मोठा तितकं चांगलं), सेल्युलोज, म्हणजे कागदाचा चुरा, मशीननं उडवून भरलं तर साधारण १४ ते १७ इंचांचा थर होतो. जुन्या घरात बघाल तर चार-सहा इंच, तेही दबलेलं. नेमकं किती कमी आणि हवा कुठनं जातेय हे कळायला एनर्जी ऑडिट, म्हणजे ऊब कुठं वाया जातेय त्याची घराची तपासणी, करून घ्या, बऱ्याच वीज-गॅस कंपन्या सवलतीत देतात. त्यात दारात मोठा पंखा लावून घरातली हवा ओढतात, ब्लोअर डोअर टेस्ट म्हणतात त्याला, आणि बाहेरची हवा कुठल्या फटीतनं आत येतेय ते दाखवून देतात. त्यावर पैसे घालवायला कचरू नका.

मग हवा खेळती राहणं. वळचणीखाली सॉफिट व्हेंट, म्हणजे हवा यायची भोकं, असतात आणि वर आढ्याला रिज व्हेंट, खालनं गार हवा शिरून वरनं बाहेर पडते आणि छप्पर गार राहतं. थंडी आत येतेय म्हणून हे व्हेंट चिंध्या कोंबून बंद केलेले मी बघितलेत, कृपा करून असं करू नका, माळा हिवाळ्यात गारच पाहिजे. आणि आपली माळ्यावर सगळं ठेवायची सवय, पितळी भांडी, गणपतीचं मखर, रिकाम्या सूटकेसा, ती इकडं सोडा. वजनानं इन्सुलेशन दबतं, दबलं की त्याचा गुण कमी होतो, आणि कडेला सरकवलेल्या बॉक्सनी सॉफिटची हवाही अडते.

आपल्या स्वयंपाकाचंही सांगते. कुकर, भाताची वाफ, दिवसातनं चार वेळा चहा, सगळ्यांच्या गरम पाण्याच्या अंघोळी, आई-आप्पा आलेले असले तर घर दिवसभर भरलेलं, एवढी सगळी वाफ फटींतनं माळ्यात जाते आणि तिथल्या खिळ्यांवर, फळ्यांवर दहिवर होऊन गोठते, मग बुरशी. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन नुसता माळ्यात सोडलेला नाही ना हे बघा, त्याची नळी थेट घराबाहेर गेलेली पाहिजे. किचनचा फॅनही बाहेर टाकणारा असेल तर उत्तम. स्वयंपाक थांबवायचा नाही, फॅन लावायचा.

घर अजून घ्यायचं असेल तर बर्फ पडल्यावर दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या पलीकडनं छप्पर बघा. शेजारच्या सगळ्या छपरांवर बर्फ आहे आणि ह्याच घरावर मधेच काळे पट्टे उघडे पडलेत, कडेला हातभर लांब बर्फाच्या सुया लटकतायत, तर ऊब वर जातेय हे नक्की. मिनियापोलिस-सेंट पॉलमधली जुनी दीडमजली घरं, ज्यांची वरची बेडरूम छपराच्या उतारातच बसवलेली असते, दिसायला फार गोड पण ह्या त्रासाला सगळ्यात पुढं, तिथं इन्सुलेशनला जागाच मिळत नाही. घेऊ नका म्हणत नाही, पण त्याचा खर्च धरून किंमत बोला. छप्पर नवीन घालताना कडेच्या शिंगलखाली आईस अँड वॉटर शील्ड नावाचा चिकट थर भिंतीच्या आत निदान २४ इंच येईपर्यंत घातलाय का विचारा, त्यानं बांध थांबत नाही पण पाणी आत यायचं पुष्कळ थांबतं. गटर, म्हणजे छपराच्या कडेची पन्हळ, तिच्यामुळंच बांध होतो, ती काढून टाका म्हणणारेही भेटतील, पण ती नसली तरी बांध होतोच.

एवढं करूनही एखादा हिवाळा भारी पडतो. २०२२-२३ ला मिनियापोलिस-सेंट पॉलला ९० इंचांच्या आसपास बर्फ पडला, तेव्हा माळ्याचं काम चांगलं केलेल्या घरांनाही त्रास झाला. त्यासाठी रूफ रेक घेऊन ठेवा, लांब दांड्याचं फावडं, जमिनीवर उभं राहून कडेचा तीन-चार फुटांचा बर्फ खाली ओढायचा, सहाएक इंच पडला की लगेच. विजेच्या तारा बघून, आणि बर्फ अंगावर येणार नाही असं उभं राहून. शिडी लावून चढू नका, कुऱ्हाड-हातोडीनं बर्फ फोडू नका, शिंगल जाते आणि माणूसही पडतो. मीठही फेकू नका, छप्पर आणि खालची झाडं दोन्ही खराब होतात. बांध झालाच तर वाफेनं, स्टीमनं काढणारे लोक बोलवा, प्रेशर वॉशर घेऊन येणाऱ्यांना नको म्हणा.

आत पाणी ठिपकायला लागलंच तर घाबरू नका. माळ्यात सुरक्षित जाता येत असेल तर साधा पंखा गळतीच्या जागी छपराच्या आतल्या बाजूवर वारं मारेल असा लावा, गार हवेनं तिथलं वितळणं थांबतं. छताचं ड्रायवॉल, म्हणजे आतल्या बाजूचा जिप्समचा बोर्ड, पोटासारखं फुगलं असेल तर आधी तिथल्या दिव्याची वीज बंद करा, मग खाली बादली ठेवून बारीक भोक पाडून पाणी उतरवा, नाहीतर सगळं एकदम खाली येतंय. लगेच फोटो काढा आणि इन्शुरन्सला फोन करा, पुष्कळ पॉलिसीत आतल्या नुकसानीचे पैसे मिळतात पण बर्फ काढायचे मिळत नाहीत, तेव्हा आपली पॉलिसी आत्ताच काढून वाचा. भाड्याच्या घरात असाल तर मालकाला फोनबरोबर लेखी पण कळवा. आणि भिजलेलं इन्सुलेशन बघून, पूर्ण वाळवून किंवा बदलून झाल्याशिवाय त्या डागावर रंग मारायची घाई करू नका.