ओतण्याआधी तपासा: नळ, हौद आणि टाकीतलं पाणी

नळाला पाणी आलं की कालचं पिंप उपडं करायचं, घासायचं आणि ताजं भरायचं. कोल्हापूरच्या कितीतरी घरांत सकाळची सुरुवात अशीच होते. 200 लिटरचं पिंप निम्मं भरलेलं असलं तर 100 लिटर चांगलं पाणी गटारात जातं. झाकून ठेवलेलं, क्लोरीन शिल्लक असलेलं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. पण क्लोरीन शिल्लक आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, आणि खात्री नसली की माणूस ओतून मोकळा होतो. म्हणून पाणी वाचवायचं तर आधी ते तपासायला शिकावं.

त्यासाठी क्लोरोस्कोप किंवा ओटी किट पुरतं (ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणारं रसायन): खुणेची काचनळी, ओटीच्या द्रावणाची ड्रॉपर-बाटली आणि पिवळ्या छटांची पट्टी. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतं. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, किटवर लिहिलेत तेवढे थेंब टाका, हलवा आणि लगेच, दहा-पंधरा सेकंदांत, रंग पट्टीशी ताडून बघा. पाच मिनिटांनी बघितलं तर रंग वाढलेला दिसतो, कारण दुसऱ्या पदार्थांना चिकटलेलं क्लोरीन सावकाश रंग देतं. मोजायचं असतं ते मोकळं क्लोरीन. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 10500) ते ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असावं. ओटी विषारी असतं, त्यामुळे तपासलेलं पाणी मोरीत ओता, नळी स्वतंत्र धुवा आणि बाटली पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

एकाच ठिकाणी तपासून काही कळत नाही. तीन ठिकाणी तपासा: महापालिकेच्या लाईनचा थेट नळ, गच्चीवरच्या टाकीचा नळ आणि पिण्याचं भांडं. थेट नळाला 0.5 आणि टाकीच्या नळाला शून्य आलं, तर दोष टाकीत किंवा हौदात आहे. थेट नळालाच शून्य आलं, तर शेजारच्या दोन घरांतही तपासा. त्यांच्याकडे ठीक असेल तर तुमचं कनेक्शन फुटलंय. सगळीकडे शून्य असेल तर आपल्या विभागीय कार्यालयात (गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी किंवा ताराराणी मार्केट) लेखी तक्रार द्या. तारीख, पाणी आल्याची वेळ, तपासल्याची वेळ आणि तिन्ही घरांचे आकडे लिहा. नुसत्या ‘पाणी खराब येतंय’ या तक्रारीवर गळती शोधणाऱ्याला काहीच हाताला लागत नाही.

शुद्ध केलेलं पाणी वाटेत बिघडतं कसं, तेही समजून घ्या. शिंगणापूर, बालिंग्याच्या उपसा केंद्रांवरून शहराला पाणी येत आलंय, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात पोचलं. शुद्धीकरण केंद्रातून ते क्लोरीन घालूनच निघतं. पण गल्लीत पाणी ठरावीक वेळच सुटतं. चावी बंद झाली की पाईपातला दाब उतरतो, आणि जिथं चीर असेल तिथून बाहेरचं पाणी आत येतं. गटारातून गेलेला गंजका जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप इथंच घात करतो. लाईनला थेट मोटर लावली तर हे ओढणं कित्येक पटींनी वाढतं, आणि भोगतात शेजारीही. 2012 साली इचलकरंजीत पाण्यातून पसरलेली काविळीची साथ आपल्या जिल्ह्यानं बघितलीय.

जुन्या पेठांमधल्या खड्ड्यातल्या नळांकडे विशेष लक्ष द्या. दाब कमी म्हणून रस्त्याच्या पातळीखाली दोन फूट खड्डा घेऊन तिथं तोटी बसवलेली असते आणि तोटीला हिरवा पाईप. पाणी गेल्यावर पाईपाचं तोंड खड्ड्यातल्या गढूळ पाण्यात बुडलेलं राहतं, वर साबणाचा फेस. दाब उतरला की तेच पाणी लाईनीत चढतं. पाणी भरून झालं की तोटी बंद करा, पाईप काढून खुंटीला टांगा, खड्डा कोरडा ठेवा. मीटरनंतर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा व्हॉल्व्ह) बसवून घ्या. बसवताना त्यावरचा बाण घराच्या दिशेनं आहे ना, हे उभं राहून बघा. उलटा बसला तर पाणीच येणार नाही.

पाणी आल्यावरची पहिली काही मिनिटं गढूळपणा जास्त असतो. हे पाणी गटारात सोडू नका. एक-दोन बादल्या संडासाला, अंगणाला बाजूला काढा आणि पारदर्शक बाटलीतून छापील अक्षरं स्वच्छ दिसायला लागली की पिण्याचं भरा.

टाकी धुताना लोक टाकीभर पाणी घालवतात. त्याची गरज नाही. आदल्या दिवशी इनलेट (पाणी आत येणारा पाईप) बंद करा आणि पाणी वापरून संपवा. तळाशी चार बोटं उरलेलं पाणी जिना धुवायला काढा. नायलॉनच्या ब्रशनं भिंती घासा. तारेच्या ब्रशनं प्लॅस्टिकला ओरखडे पडतात आणि त्यात शेवाळ धरतं. मग 10 लिटर पाण्यात 6 ग्रॅम टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर (33 टक्के क्लोरीनची) कालवा, गाळ बसू द्या, वरची निवळी भिंतींना आणि झाकणाला आतून लावा. अर्धा तास सगळं ओलं राहिलं पाहिजे. नंतर 20-30 लिटरनं विसळून घ्या. हातमोजे, मास्क वापरा. टीसीएलमध्ये ॲसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. जमिनीतल्या हौदात एकट्यानं उतरू नका. झाकण बराच वेळ उघडं ठेवा, दुसरा माणूस वर उभा राहू दे, आणि निवळी शक्यतो लांब दांड्याच्या ब्रशनं वरूनच लावा.

हौद गळतो का, हे बघायला रात्री इनलेट आणि मोटर बंद करून पाण्याच्या पातळीवर खूण करा. 1 मीटर बाय 1 मीटरच्या हौदात पातळी 1 सेंटिमीटर उतरली म्हणजे 10 लिटर गेलं. पावसाळ्यात कधी उलटं होतं, सकाळी पातळी चढलेली असते. हे उतरण्यापेक्षा वाईट. भोवतालचं पाणी, कदाचित ड्रेनेजचं, आत झिरपतंय. तो हौद त्याच दिवशी पिण्यासाठी बंद करा. हौदाचा कठडा जमिनीपासून निदान वीतभर उंच हवा.

पिंपातलं क्लोरीन शून्यावर आलं तरी पाणी ओतायची गरज नाही. 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम टीसीएल घालून निवळी करा. 200 लिटरच्या पिंपाला ती 60 मिलिलिटर, 20 लिटरला चहाचा एक चमचा. ढवळा, अर्धा तास झाका, पुन्हा तपासा. उघडी राहिलेली, ओल धरलेली पावडर निकामी होते, तेव्हा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात अंधारात ठेवा. गढूळ पाण्याला आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या आणि वरचं पाणी काढून मगच क्लोरीन घाला, नाहीतर ते गाळातच खर्ची पडतं. उकळत असाल तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, वीस मिनिटं गॅस जाळू नका.

आरओ घ्यायच्या आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. मानकाची इष्ट मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम आहे. घाटाच्या पाण्यावरच्या नद्यांचं पाणी सहसा त्याच्या बरंच खाली असतं, आणि घरगुती आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. अशा पाण्याला यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) किंवा यूएफ (बारीक पडद्यातून गाळणारा) पुरतो. बोअरचं पाणी पीत असाल तर गोष्ट वेगळी. टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही, हेही ध्यानात असू द्या.

गळक्या तोटीखाली दहा मिनिटं वाटी ठेवा. 100 मिलिलिटर जमलं तर दिवसाला 14 लिटर जातंय, आणि बहुतेक वेळा नुसता वायसर बदलायचा असतो. फ्लशच्या टाकीत नीळ टाका, अर्धा तास कुणी वापरू नका. भांड्यात निळं उतरलं तर आतलं रबर गेलंय.

2019 आणि 2021 च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहर टँकरवर आलं. नद्या इशारा पातळीकडे निघाल्या की टाकी, पिंपं भरून क्लोरीन तपासून ठेवा आणि पिण्याचं पाणी जमिनीतल्या हौदात न ठेवता वरच्या टाकीत चढवा. हौदात पुराचं पाणी शिरलं असेल तर मोटर लावायच्या आधी हौद हातानं किंवा वेगळ्या पंपानं उपसा. नाहीतर चिखल थेट वरच्या टाकीत जातो आणि पाईपलाईनही धुवावी लागते. पुरवठा सुरू झाल्यावर सलग दोन दिवस थेट नळाला 0.2 किंवा जास्त क्लोरीन येईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.