प्रपोजल ते सही: छोट्या एजन्सीचे करार ऑनलाइन कसे सांभाळावेत

प्रपोजलमध्ये नुसतं ‘वेबसाइट करून देऊ’ लिहू नका. पानं किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती (२ पुरतात), मजकूर कोण देणार आणि कामात काय धरलेलं नाही, हे मोजून लिहा. भांडणं बहुधा ही शेवटची ओळ नसल्यामुळेच होतात. दराची मुदत १५ दिवस ठेवा. जीएसटी वेगळा असेल तर तसं सांगा.

होकार आला की तेच प्रपोजल कराराला परिशिष्ट म्हणून जोडा आणि पीडीएफवर ई-सही घ्या. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १०अ प्रमाणे करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून अमान्य ठरत नाही. फाइलच्या नावात ग्राहक, तारीख, आवृत्ती हवीच. ‘फायनल-नवीन’च्या ३ फाइली झाल्या की सही कशावर झाली तेच कळत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित कलम हक्कांचं. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. मुदत लिहिली नाही तर ते ५ वर्षांचं आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच धरलं जातं. दुबईच्या ग्राहकाला हे परवडणार नाही. शिवाय तुमच्या फ्रीलान्सरकडून हक्क आधी लेखी घ्या. तुमच्याकडे नसलेला हक्क पुढे देता येत नाही. ग्राहकाकडे हक्क जाणार ते पूर्ण पैसे जमा झाल्यावरच, असं करारात लिहा.

हप्ते ४०-४०-२० असे ठेवा, शेवटचा साइट सुरू करण्याआधी. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म वा लघु एजन्सीवर ग्राहकाला लेखी करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी लादता येत नाही. नोंदणी क्रमांक बिलावर छापा.